वाड्यातलं सामान ऑनलाइन लिलावात विकायचंय, सुरुवात कुठून करू?

पोटमाळा | २ जून, रात्री १०:१५

सदाशिव पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासाला जातोय. बिल्डरने गणपतीपर्यंतची मुदत दिली आहे. गेले तीन रविवार मी, दादा आणि वहिनी पोटमाळा उपसतोय. निघालेलं सामान असं:

एचएमटीची तीन घड्याळं (जनता, पायलट, तिसऱ्यावरचं नाव पुसलंय), ग्रामोफोनच्या ७८ आरपीएमच्या चाळीसेक तबकड्या, मर्फीचा मोठा रेडिओ (चालतो की नाही देव जाणे), तांब्याचा बंब, दोन घंगाळी, तीन अडकित्ते, पोस्टकार्डांचा गठ्ठा आणि बोर्नव्हिटाच्या डब्यात नाणी.

परवा जुन्या बाजारातले एक काका बघून गेले. सगळ्यावरून नजर फिरवली, बंबावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "सगळं मिळून साडेचार हजार. आत्ता टेम्पो बोलावतो." दादा तयारच होता. त्याला फक्त जागा मोकळी हवी आहे. पण रात्री मोबाइलवर शोधलं तर तसलंच पायलट घड्याळ कुणीतरी लिलावात सहा हजारांना विकलेलं दिसलं. म्हणजे काकांचा आख्खा टेम्पो एका घड्याळात निघाला असता आणि वर दीड हजार उरले असते.

आयुष्यात मी आजवर एक सायकल विकली आहे, तीही शेजारच्यांना. ऑनलाइन लिलाव नेमका कुठे करतात? बोली कितीपासून सुरू करायची? पैसे आधी घ्यायचे की वस्तू आधी पाठवायची? कुणी केलंय का हे?

---

उगाच | २ जून, रात्री १०:२१

अडकित्त्याला माझी ५१ रुपये. एक वार.

---

तिरकस_बाण | २ जून, रात्री १०:४०

पुण्यातला लिलाव आहे ना? मग दुपारी १ ते ४ बोली बंद ठेवा.

---

४११०३० | २ जून, रात्री १०:५८

१ ते ४ चा विनोद दुसऱ्याच प्रतिसादात आला. चला, धागा अधिकृत झाला.

ताई, मी २००३-०४ च्या सुमारास बाझीवर सामान विकायचो. आता कुणाला आठवतही नसेल. २००० साली सुरू झालेली आपल्याकडची लिलावाची साइट. २००४ मध्ये ई-बेने ती विकत घेतली आणि ती ई-बे इंडिया झाली. मी तिथे एक याशिका कॅमेरा आणि कॉलेजची सगळी पुस्तकं विकली. ऑगस्ट २०१८ मध्ये ती साइट बंद झाली. आता ई-बेवर इथून विकायचं ते परदेशी गिऱ्हाइकाला. "भारतात सगळे एकाच ठिकाणी बोली लावतात" अशी मोठी जागा त्यानंतर झाली नाही. लिलाव आता विखुरलाय: नाणी-नोटांच्या लिलावगृहांच्या साइट्स वेगळ्या, चित्रांच्या वेगळ्या आणि बाकी सगळं फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर.

एक गंमत सांगतो. १९९५ मध्ये ई-बे सुरू झालं तेव्हा तिथे विकली गेलेली पहिली वस्तू होती मोडका लेझर पॉइंटर. १४ डॉलर ८३ सेंट. संस्थापकाने म्हणे गिऱ्हाइकाला विचारलं की तो मोडका आहे हे कळलंय ना, तर तो म्हणाला मी मोडकेच गोळा करतो. तेव्हा मर्फी चालतो की नाही याची काळजी करू नका.

---

चावीची_घड्याळं | ३ जून, सकाळी ७:१२

पोटमाळा ताई, काकांचा टेम्पो परत पाठवलात हे उत्तम केलंत. मी आठ वर्षं जुन्या घड्याळांच्या ग्रुपवर घेतो-विकतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट: घड्याळं पुसू नका. तबकडी साफ करून घेऊ नका, काच बदलू नका, पट्टा बदलू नका. दुरुस्तीवाला प्रेमाने म्हणेल "नवी डायल टाकून देतो, चकाचक होईल", त्याला हात जोडा. बाजारात रंगवलेल्या डायलची, चार घड्याळांचे भाग जोडून केलेली इतकी घड्याळं फिरतात की आम्ही त्यांना "मुंबई स्पेशल" म्हणतो. जाणकार गिऱ्हाईक डाग पडलेल्या मूळ डायलला चकाचक डायलपेक्षा जास्त पैसे देतं. जनता असेल तर डायलवर देवनागरीत "जनता" आहे की इंग्रजीत, हेही फोटोत स्पष्ट दिसू द्या.

दुसरी गोष्ट: मागचं झाकण उघडून आतल्या मशीनचा फोटो. हे स्वतः करू नका, दुरुस्तीवाल्याकडून त्याच्या दुकानात उघडून घ्या आणि तिथेच फोटो काढा. एचएमटीने १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने घड्याळं करायला घेतली. जनतामध्ये सतरा ज्वेलचं (ज्वेल म्हणजे आतल्या चाकांना आधार देणारे छोटे खडे), हाताने चावी द्यायचं मशीन असतं. झाकणावर जनता आणि आत भलतंच मशीन असेल तर बोली तिथेच थांबते. झाकण बंद असलेल्या घड्याळावर माझ्यासारखा माणूस बोलीच लावत नाही.

आता ग्रुपवरचा लिलाव कसा चालतो. तुम्ही फोटो टाकता आणि खाली लिहिता: बेस (म्हणजे सुरुवातीची बोली) इतका, वाढ किमान ५० ची, संपणार रविवारी रात्री ९:३० ला, कुरिअर वेगळं. लोक खाली आकडे टाकत जातात. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर वेळ आणखी पाच मिनिटं वाढते. हा नियम नसलेल्या ग्रुपवर जाऊ नका, नाहीतर सगळे दबा धरून बसतात आणि ९:२९ ला एकजण ५० रुपये वाढवून माल घेऊन जातो. जिंकणाऱ्याने चोवीस तासांत पैसे पाठवायचे, पैसे आले की पार्सल. पैसे आधी, पार्सल नंतर. यात भीड नको.

आणि आल्या आल्या विकायला जाऊ नका. महिनाभर नुसतं बघा. संपलेले लिलाव बघा. मागितलेल्या किमती कुणीही लिहितं, शेवटची बोली किती होती ते वहीत लिहा.

---

अनुस्वार | ३ जून, सकाळी ९:०५

घड्याळाला "तबकडी" आणि गाण्यालाही "तबकडी". धागा पुढे वाचताना गोंधळ होणार आहे.

---

चावीची_घड्याळं | ३ जून, सकाळी ९:११

म्हणूनच पुढे डायल म्हटलंय. वाचत चला.

---

भोसरी_एमआयडीसी | ३ जून, दुपारी १:३०

(१ ते ४ मध्ये लिहितोय, माफी.)

आपला धंदा भंगाराचा. सरकारी कंपन्यांचं जुनं सामान एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या साइटवर ई-लिलावात निघतं, ते आम्ही घेतो. आधी अनामत भरायची, माल जाऊन बघायचा, मग बोली. तिथे एक वाक्य छापलेलंच असतं: "जसे आहे जेथे आहे तत्त्वावर". ताई, ते वाक्य तुमच्या प्रत्येक पोस्टखाली टाका. पण नुसतं टाकून भागत नाही. रेडिओला तडा आहे तर तड्याचा फोटो सगळ्यात आधी टाका. घेणारा खोट शोधतच असतो. तुम्ही आपणहून दाखवली की त्याचा जीव भांड्यात पडतो आणि तो बोली लावतो. मी पंधरा वर्षं घेणाऱ्याच्या बाजूने बघतोय.

अजून एक. बोलीला दोन खुळे लागतात. एकच खुळा असला की तो बेसवर घेऊन जातो, मग वस्तू कितीही भारी असो. ज्या वस्तूला दोन खुळे मिळायची खात्री नाही ती लिलावात टाकूच नका, सरळ किंमत सांगा.

---

पोटमाळा | ३ जून, रात्री ९:५०

सगळ्यांना खूप धन्यवाद. "दोन खुळे" वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय.

पण मग बोली कितीपासून? ग्रुपवर काहीजण १ रुपयापासून सुरू करतात आणि वस्तू चांगल्या किमतीला जाते. काहींनी हजारापासून सुरू केलेलं तसंच पडून राहतं.

---

तिरकस_बाण | ३ जून, रात्री १०:३०

आमच्या गावच्या जत्रेत मानाच्या नारळाचा लिलाव व्हायचा. सुरुवात सव्वा रुपयापासून. एका वर्षी दोन भाऊबंद पेटले आणि नारळ सात हजारांवर गेला. घेणारा तो घेऊन गेला आणि वर्षभर बायकोची बोलणी खात बसला. थोडक्यात, सुरुवात कितीपासून होते याला अर्थ नाही, भाऊबंदकी किती आहे यावर सगळं.

---

ताळेबंद | ४ जून, सकाळी ८:४०

विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा बरोबर आहे. आमच्या ऑफिसात बोलीची भिशी होती. ज्याला पैशांची गरज तो जास्तीत जास्त तोटा सोसायची बोली लावून पैसे उचलतो. दोघा गरजूंची गाठ पडली की उरलेल्यांची चांदी. इथेही तसंच. एक रुपयाची सुरुवात गर्दी असलेल्या ग्रुपवरच चालते. शांत ग्रुपवर तुम्ही ज्याच्या खाली विकायला तयारच नाही तो आकडा बेस ठेवा.

आता करांचं बघू, कारण कुणीतरी विचारणारच. स्वतःच्या घरातल्या वापराच्या वस्तू (घड्याळ, रेडिओ, भांडी) विकल्या तर त्यावर भांडवली नफ्याचा कर साधारणपणे लागत नाही, त्या वैयक्तिक वापराच्या वस्तू धरतात. दागिने, चित्रं, शिल्पं आणि पुराणवस्तूंचे संग्रह मात्र त्या सवलतीतून वगळलेले आहेत. चटक लागून तुम्ही जुन्या बाजारातून माल आणून विकायला लागलात की तो धंदा झाला. मग प्राप्तिकरात उत्पन्न दाखवायचं. धंदा म्हणून ई-कॉमर्स साइटवरून विकायला लागलात तर जीएसटीची नोंदणी एरवी उलाढाल कितीही कमी असली तरी लागते. ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या छोट्यांना त्यातून सूट मिळाली आहे. पुण्यातून बेळगावला पाठवलं की ती सूट गेली.

---

उगाच | ४ जून, सकाळी ८:५२

बेळगाव राज्याबाहेर कसं? नवीन धागा काढा.

---

४११०३० | ४ जून, सकाळी ८:५५

इथे नको! इथे नको!

---

शिवराई | ४ जून, रात्री ११:२०

नाण्यांचा डबा वाचून धावत आले. कृपया त्या डब्याला कुणीही हात लावू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, काहीही नको. घासलेल्या नाण्याची किंमत बरीच खाली येते आणि ते नुकसान भरून निघत नाही.

आधी वर्गवारी करा. पुण्यातल्या वाड्यात तांब्याची शिवराई हमखास निघते. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्र पति" असा मजकूर. ती महाराजांच्या काळचीच असेल असं समजून स्वप्नं बघू नका. शिवराई नंतरही कितीतरी वर्षं पाडली जात होती. पेशवाईतल्या आणि त्यानंतरच्या "दुदांडी" (मजकुरात दोन रेघा असलेल्या) शिवराया भरपूर मिळतात. नकलीही भरपूर.

राणीछाप आणि राजाछाप रुपये असतील तर साल बघा. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया वेगळा काढा. त्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला, बोंब झाली आणि ते नाणं मागे घ्यावं लागलं. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया निघाला तर आधी खाली बसा, पाणी प्या आणि मग जाणकाराला दाखवा, कारण त्याची नक्कल खूप होते. १९४० पासून १९४५ पर्यंतच्या रुपयात चांदी निम्मीच आहे आणि १९४७ चा तर निकेलचा आहे. सोनाराकडे वजनावर देऊन मोकळं होणाऱ्यांना हे माहीत नसतं.

सगळ्यात महत्त्वाचं: १९७२ चा पुरावस्तू कायदा. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी नाणी, मूर्ती, कलावस्तू ही कायद्याने पुरावस्तू आहे. हस्तलिखितं असतील तर पंचाहत्तर वर्षं. त्या देशाबाहेर विकायला पाठवणं हा गुन्हा आहे आणि देशात त्यांचा धंदा करायला परवाना लागतो. परदेशी साइटवर शिवराई टाकायचा विचारसुद्धा करू नका. नाण्यांसाठी परवाना असलेल्या लिलावगृहाकडे जा, ते कमिशन घेतील पण कागद नीट असतील.

---

कोथरूडची_मावशी | ५ जून, सकाळी १०:०२

आमच्याकडे घडलेलं सांगते, म्हणजे दुसरं कुणी फसायला नको. माझ्या जावेने वैष्णोदेवीच्या नाण्याचा आणि ७८६ नंबरच्या नोटेचा फोटो एका जाहिरातींच्या साइटवर टाकला. दुसऱ्या दिवशी फोन. "मॅडम, तुमच्या नाण्याचे साडेतीन लाख मिळतील, फक्त नोंदणी शुल्क १,१५० पाठवा." पाठवले. मग "रिझर्व्ह बँकेचा कर" म्हणून सहा हजार. तेही पाठवले. तिसऱ्यांदा पैसे मागितले तेव्हा दीर घरी होते म्हणून वाचली. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर केलंय की आमचा या असल्या व्यवहारांशी संबंध नाही आणि आम्ही कसलंही शुल्क मागत नाही.

आणि पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. समोरचा म्हणाला "हा कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील" की फोन ठेवायचा. हल्ली सगळे फसवणारे "मी सैन्यात आहे, बदली झाली आहे" असंच सांगतात. खऱ्या जवानांना त्याचा किती त्रास होत असेल.

---

पोटमाळा | ५ जून, रात्री १०:३०

मावशी, हा इशारा थोडा उशिरा आला. रेडिओचा फोटो एका साइटवर टाकून पाहिला होता, तासाभरात "सैन्यातल्या" दोघांचे फोन आले. दोघांचीही बदली आजच झाली होती.

बंबाचं काय करू? तो टपालाने कसा जाणार?

---

तिरकस_बाण | ५ जून, रात्री १०:४८

बंब विकू नका हो. दिवाळीच्या पहाटे त्याच बंबातलं पाणी...

---

४११०३० | ५ जून, रात्री १०:५५

...आणि डोळ्यांत धूर. नव्या टू बीएचकेमध्ये बंब पेटवायचा कुठे, ड्राय बाल्कनीत? सोसायटीची नोटीस येईल. विका.

---

तिरकस_बाण | ५ जून, रात्री ११:०१

पेटवायचा कुणी सांगितला? ठेवायचा.

---

भोसरी_एमआयडीसी | ६ जून, सकाळी ६:४०

ठेवा नाहीतर विका, पण भंगारात तांब्याच्या वजनावर देऊ नका. मीच भंगारवाला असून सांगतोय. आधी कसब्यातल्या तांबट आळीत दाखवा. हाताने ठोकलेला आहे की पत्रा जोडलेला, ते एका नजरेत सांगतात. हॉटेलवाले, बंगलेवाले शोभेला घेतात. फक्त स्थानिक, "स्वतः येऊन घेऊन जा" अशा अटीवर, ठरलेल्या किमतीला. बोलीचा माल नाही तो.

---

निवृत्त_पोस्टमास्तर | ६ जून, सकाळी ११:१५

सप्रेम नमस्कार. टपाल खात्यात अडतीस वर्षे सेवा झाली, म्हणून तबकड्यांविषयी लिहितो.

७८ च्या तबकड्या लाखेपासून केलेल्या असतात. त्या वाकत नाहीत, थेट फुटतात. तबकडीपेक्षा दोन बोटे मोठे असे कडक पुठ्ठ्याचे चौकोन कापावेत. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये तबकडी. पुठ्ठ्यांच्या आतल्या रेघा एकीच्या आडव्या व दुसरीच्या उभ्या याव्यात, म्हणजे ते वाकत नाहीत. कडा पुठ्ठ्याच्या आत राहाव्यात. हा गठ्ठा एका खोक्यात, ते खोके दुसऱ्या मोठ्या खोक्यात, मध्ये चुरगाळलेला कागद ठासून भरावा. खोके हलवून पाहावे, आवाज आला तर पुन्हा उघडावे. "नाजूक" असे लिहिल्याने काही होत नाही, हे अनुभवाने सांगतो. खोके चार फुटांवरून पडणार असे गृहीत धरूनच बांधावे. साहित्य रविवार पेठेत बोहरी आळीत स्वस्त मिळेल.

स्पीड पोस्टाने पाठवावे, किमती वस्तूचा विमा उतरवावा आणि पावतीचा फोटो त्याच दिवशी गिऱ्हाइकास पाठवावा. पावसाळा आहे, आतून प्लॅस्टिक विसरू नये.

पोस्टकार्डांवरील तिकिटे कृपया काढू नयेत. शिक्क्यासह आख्खे कार्ड हीच संग्राहकाची वस्तू असते. त्यात घरचा मजकूर असेल तर आधी वाचून घ्यावे.

---

चटक_लागली | ६ जून, दुपारी १२:०५

पोस्टमास्तर काका, परदेशी पाठवायचं असेल तर? माझी पैठणीच्या तुकड्यांच्या पिशव्यांची बहीण मागे लागलीये.

---

अनुस्वार | ६ जून, दुपारी १२:०९

बहीण पिशव्यांची आहे की पैठणीची?

---

निवृत्त_पोस्टमास्तर | ६ जून, दुपारी ४:३०

धंदा म्हणून निर्यात करायची तर आयात-निर्यात संकेतांक लागतो. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाचशे रुपये शुल्क भरून मिळतो व दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातील माहिती अद्ययावत करावी लागते. छोट्या निर्यातदारांसाठी डाकघर निर्यात केंद्रेही उघडली आहेत. तथापि अमेरिकेचा विचार असेल तर जपून. २०२५ च्या ऑगस्टअखेर त्यांनी ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी काढून टाकली. त्या वेळी आपल्या खात्यालाही काही काळ तिकडची पार्सले थांबवावी लागली होती. शुल्क कोण भरणार हे गिऱ्हाइकाशी आधी ठरवून घ्यावे.

---

पोटमाळा | २९ जून, रात्री ११:४५

पहिला लिलाव झाला. म्हणजे झाला नाही.

मर्फी टाकला. बेस ३,०००. वेळ संपणार रविवारी दुपारी २ वाजता, कारण मला तेव्हा सवड होती. अठ्ठावीस जणांनी अंगठा दाखवला, तिघांनी "सुंदर", "आठवणी जाग्या झाल्या", "आमच्याकडेही होता" असं लिहिलं आणि बोली शून्य.

---

उगाच | २९ जून, रात्री ११:५०

दुपारी २! तरी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, १ ते ४.

---

चावीची_घड्याळं | ३० जून, सकाळी ७:००

रविवारी दुपारी दोन वाजता अख्खा महाराष्ट्र मटण खाऊन झोपलेला असतो. रात्री ९ ते १० मध्ये संपवा. आणि रेडिओचं मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढून आतले व्हॉल्व्ह दाखवले होते का? प्लगला लावून बघितला असाल तर पुन्हा लावू नका. इतकी वर्षं बंद रेडिओ थेट विजेला जोडला की आतले कपॅसिटर उडतात.

---

पोटमाळा | १३ जुलै, रात्री १०:४०

मर्फी गेला! बेस १,२००, रात्री ९:३०, मागून फोटो. ३,६५० ला साताऱ्याच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांनी घेतला, स्वतः गाडी घेऊन आले. तबकड्या दहा-दहाच्या चार गठ्ठ्यांत लावल्या. नाट्यसंगीताच्या गठ्ठ्याला दोन खुळे मिळाले, २,८००. भजनांना एकच खुळा, ६००. उरलेल्या दोन गठ्ठ्यांना तोही नाही. पोस्टमास्तर काका, एकही फुटली नाही. आवाज आला म्हणून दोनदा खोकं उघडलं, दुसऱ्यांदा आत दादाची किल्ली सापडली.

---

चटक_लागली | १४ जुलै, सकाळी ९:२०

एक प्रश्न. काही साइट्सवर "तुमची कमाल बोली लिहा, आम्ही तुमच्या वतीने वाढवत जाऊ" असं असतं. त्यावर विश्वास ठेवायचा?

---

ताळेबंद | १४ जुलै, सकाळी १०:१५

ठेवायचा, साइट धड असेल तर. तुम्ही २,००० लिहिलेत आणि दुसऱ्याची कमाल १,२०० असेल तर वस्तू तुम्हाला १,२०० वर एक पायरी, समजा १,२५० ला मिळते. म्हणजे किंमत ठरवतो हरलेला माणूस. विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये यामागचं गणित मांडलं, त्यांना १९९६ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ग्रुपवर अशी यंत्रणा नसते. तिथे हरणारा माणूसच खोटा निघाला तर तुम्ही लुटले जाता. विकणाऱ्याने आपल्याच माणसाकडून बोली चढवून घेणं, यालाच बनावट बोली म्हणतात.

---

पोटमाळा | २७ जुलै, रात्री ११:५८

ताळेबंद, तुमच्या जिभेवर काळा तीळ आहे का?

आज जनता घड्याळाचा लिलाव होता. आजोबांना नोकरीतून निवृत्त होताना मिळालेलं, मागे झाकणावर त्यांचं नाव आणि १९७८ कोरलेलं. बेस ८००. एकजण १,४५० ला थांबले. मग इचलकरंजीचे एक गृहस्थ आणि आणखी एकजण असे दोघे पेटले. वेळ चार वेळा वाढली. इचलकरंजी ४,०५०, दुसऱ्याचे ४,१००, इचलकरंजी गप्प. मी आनंदाने वहिनीला मिठी मारली.

दहा मिनिटांनी अ‍ॅडमिनचा मेसेज: "जिंकणाऱ्याचं आणि तुमचं आडनाव एकच आहे. बनावट बोलीचा संशय. व्यवहार थांबवलाय." बघितलं तर तो माझा नाशिकचा चुलतभाऊ! त्याला फोन केला. म्हणे, "झाकणावरचं नाव बघून ओळखलं. मागितलं असतं तर तू फुकट दिलं असतंस, मग दादाने जन्मभर ऐकवलं असतं. म्हणून रीतसर बोली लावली."

आता ग्रुपवर मी चोर ठरलेय.

---

तिरकस_बाण | २८ जुलै, रात्री १२:०६

मानाचा नारळ. भाऊबंदकी. मी काय सांगितलं होतं?

---

भोसरी_एमआयडीसी | २८ जुलै, सकाळी ६:३०

अ‍ॅडमिन बरोबर आहे ताई, राग मानू नका. त्याला कसं कळणार तुमचा भाऊ खरा आहे का खोटा? आमच्याकडे तर अनामत जप्त झाली असती.

---

शिवराई | २८ जुलै, सकाळी ९:४०

मला नाही पटत. माणूस स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावाने, पूर्ण रक्कम द्यायला तयार आहे. यात बनावट काय? नातेवाइकाने बोली लावू नये असा नियम ग्रुपवर आधी लिहिलेला होता का?

---

चावीची_घड्याळं | २८ जुलै, सकाळी १०:१०

आमच्या बहुतेक ग्रुपवर असतो. "विकणाऱ्याचे कुटुंबीय, नातेवाईक बोलीत नकोत." कुणी वाचत नाही ते सोडा. शिवराई, ताईंचा भाऊ खरा असेल, पण दहातले नऊ भाऊ जिंकले की "अरे चुकून लागली" म्हणतात आणि वस्तू पुढच्या महिन्यात पुन्हा लिलावात येते.

---

पोटमाळा | ३ ऑगस्ट, रात्री ९:१५

निकाल लागला. अ‍ॅडमिनने माझ्या भावाच्या सगळ्या बोल्या रद्द धरल्या. मग उरली १,४५० ची बोली आणि त्यावर इचलकरंजीची एक पायरी. घड्याळ इचलकरंजीला १,५०० ला गेलं. नियम म्हणजे नियम, मी पाठवून दिलं. भाऊ आता त्या गृहस्थांच्या मागे लागलाय. ते शांतपणे म्हणतात, ५,००० द्या.

पायलट वेगळ्या ग्रुपवर ५,४०० ला गेलं. नाव पुसलेलं घड्याळ "जसे आहे जेथे आहे" म्हणून ३५० ला. नाणी परवानाधारक लिलावगृहाकडे दिली आहेत, १९३९ चा रुपया काही निघाला नाही, पण डुकराचा रुपया निघाला! पोस्टकार्डं विकणार नाही. वाचायला घेतली आणि आजी-आजोबांची भांडणं सापडली.

---

४११०३० | ३ ऑगस्ट, रात्री ९:३०

म्हणजे टेम्पोवाल्या काकांच्या साडेचार हजारांच्या तिप्पट झालेच की. वेळ किती गेला ते विचारत नाही.

बंब?

---

पोटमाळा | ३ ऑगस्ट, रात्री ९:४४

बंबाचे फोटो काढायला गेले तर तो जागेवर नाही. दादाच्या गाडीच्या डिकीत काहीतरी चादरीत गुंडाळलेलं आहे. विचारलं तर "कुठला बंब?" म्हणतो.

---

उगाच | १० ऑगस्ट, दुपारी १:१०

अडकित्ता शिल्लक आहे का? माझी ५१ ची बोली अजून उभी आहे.

---

पोटमाळा | १० ऑगस्ट, दुपारी ४:०१

१०१ ची आली आहे. वाढवताय?

---

उगाच | १० ऑगस्ट, दुपारी ४:०३

५१. पण न्यायला स्वतः येतो.